जनरलच्या कागदांतली भाकरी

म्हशाजवळच्या आमच्या गावात महिपत गोजरांना कोणी नावाने हाक मारत नाही. चिनीआजा म्हणतात. बासष्टच्या लढाईत ते चिन्यांच्या हाती सापडले, काही महिने कैदेत राहून परत आले, एवढं सगळ्यांना मान्य आहे. पटत नाही ती भाकरीची गोष्ट. छावणीवरचा तरुण चिनी अधिकारी, जो पुढे मोठा जनरल झाला, तो चुलीपाशी उकिडवा बसून आपल्याकडची तांदळाची भाकरी खायचा, असं आजा सांगतात. "आजा, जोडीला सुकट दिलं का बोंबील?" असं विचारून पारावर खिदळणं हा गावाचा जुना धंदा. माझं डोकं फिरतं. पण गावापुढे शहाणपण चालत नाही.

भाकऱ्या थापायचा तो आजांचा दोस्त विठू, शेजारच्या पाड्यावरचा, त्यांच्याबरोबरच कैद झालेला. त्याच थंडीत तो तापाने गेला, तिकडेच मातीत गेला. त्याच्या घरचं आता कोणी उरलेलं नाही. आजांचीही बायको वारली, मुलगा भिवंडीला राहतो. भाकरीचा साक्षीदार उरला होता तो एकटा जनरल.

तोही वारल्याचं गेल्या वर्षी मनस्वीने फोनवर कळवलं. ती मुंबईत चिनी भाषा शिकलेली मुलगी. पेपरात आजांची मुलाखत वाचून तिने त्यांना शोधलं होतं. जनरलच्या घरच्यांनी त्याचे कागद अभ्यासाला खुले केले होते, त्यावर ती काम करत होती. फोन ठेवून आजा विहिरीवर गेले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. दुश्मनाची आंघोळ केली म्हणून गाव पुन्हा हसलं.

हिवाळ्यात मनस्वी स्वतः आली, मुरबाडहून जीपने. आजांच्या पडवीत अर्धं गाव जमलं. तिने लॅपटॉपवर जनरलच्या कागदांतला एक फोटो दाखवला. दाढी वाढलेला, कानटोपी घातलेला एक कैदी ओल्या तळव्यांवर भाकरी फिरवून थापत होता, आमच्या बायका थापतात तशीच. शेजारी उकिडवा बसून तो तरुण चिनी अधिकारी तुकडा चावत होता. कोणी हसलं नाही.

"फोटोच्या मागे फक्त 'भारतीय कैदी' लिहिलंय," मनस्वी म्हणाली. "हे तुम्हीच ना, आजोबा?"

"आजाच हाय तो!" विपुल ओरडला. सगळ्यात जास्त खिदळणारा तोच.

आजा लॅपटॉपजवळ वाकले. मग म्हणाले, "विठू हाय ह्यो. मी पान्याला गेलतो."

विपुल त्यांच्या कानाशी वाकला. "आजा, मीच म्हना ना. कोन बघाया येतंय?"

"मी घरी आलो रे," आजा म्हणाले. "त्याचं येवढंच हाय."

मनस्वीने विठूचं नाव लिहून घेतलं, पाड्याचंही. आजा तेव्हा रडले. "सायब गेला ते बरं नाय झालं गो," ते तिला म्हणाले. "मला तिथं बघितलेला आता कोन ऱ्हायला नाय."

दुसऱ्या दिवशी पारावर नवी गोष्ट सुरू झाली. भाकरी खरी निघाली म्हणे, पण चिनीआजा काही तिथं नव्हता.