सानिकाचं बंद कुलूप

शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज काही सुचत नाहीये यार.

घाटकोपरच्या शाळेत मी सातवीला इतिहास शिकवते. धडा वाचून पोरं पेंगतात, म्हणून आज वर्गातच संग्रहालय मांडलं. प्रत्येकाने घरातली सगळ्यात जुनी वस्तू आणायची आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे.

झकास चाललं होतं. कुणी पणजोबांचा गिरणीतला डबा आणला, कुणी पितळी अडकित्ता.

सानिकाने बाकावर कुलूप ठेवलं. कडीसकट, बंद. कडीला दाराचा तुकडा तसाच.

"अगं, हे काय आणलंस?"

"एवढंच सापडलं, मॅडम."

परवा ती शाळेत असताना त्यांची वस्ती पाडली. मला पत्ताच नव्हता.

तिची मैत्रीण मीच शिकवलेला प्रश्न विचारून बसली, "अजून वापरता का गं?"

सानिकाने गळ्यातली किल्ली मुठीत धरली. "शाळेत येताना मीच लावलेलं. ओढून पण बघितलेलं."



तास संपला. "चला, आपापल्या वस्तू घरी न्या," मी सवयीने बोलून गेले. पोरं निघाली. सानिका कुलूप घेऊन उभीच.

"मॅडम, माझं इथेच राहू दे?"

सांगा ना, काय बोलायचं होतं मी?