दत्तूदादाची चहाबंदी

'भाऊजी, हे गेले,' वहिनींनी ऑफिसात फोन करून सांगितलं. थोडं थांबून म्हणाल्या, 'बद्रीला कळवलंय.' माझ्याआधी बद्रीला... मला त्याचं नवल वाटलं नाही.

दादा परदेशीपुऱ्यातल्या एका मिलमध्ये विणकर होता. बद्रीलाल शेजारच्या मागावर. मिल बंद होताना फाटकावर धरणं चालू होतं, आणि मालकाने कामगारांपुढे ठेवलेल्या राजीनाम्याच्या कागदावर पहिली सही बद्रीने केली. कामगारांनी त्याचा चहा बंद केला. त्याला कुणी द्यायचा नाही, त्याच्याबरोबर कुणी प्यायचा नाही. पुढे बाकीच्यांनीही सह्या केल्या आणि बंदी विसरून गेले. दादाने सही केली नाही, बंदीही सोडली नाही. बद्रीने सही का केली, हे त्याने कधी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, आणि मी तर बातमीदार, माझा धंदाच विचारण्याचा.

मग दादाला कॅन्सर झाला. केमोनंतर तळपायांची अशी आग व्हायची की चादरही सहन होत नसे. आखाड्यात मालिश करणारा बद्री न बोलावता घरी आला. आधी त्याने वॉर्डातल्या सिस्टरला विचारून घेतलं होतं: जोर लावायचा नाही, सुईच्या हाताला आणि रेडिएशनचा शेक दिलेल्या जागेला हात लावायचा नाही. पहिलवानाचा हात त्याने इतका हलका केला की दादाच चिडला.

'मिलमध्येही असंच काम करायचास. सही तेवढी जोर लावून केलीस.'

'तेरी जबान को कीमो नहीं लगा, भिया.'

मालिशने कॅन्सर हटणार नव्हता. बद्रीनेही तसं कधी म्हटलं नाही. पण त्यानंतर दादाला दोन तास झोप लागायची. त्या वेळात वहिनी चहाचे दोनच कप आणायच्या, एक मला, एक स्वतःला. बद्री पाटावर बसून, दादाचे पाय मांडीवर घेऊन, भिंतीकडे बघत राहायचा. मला दोघांचाही राग यायचा.

शेवटच्या आठवड्यात मी म्हणालो, 'दादा, आता तरी त्याला चहा दे.'

'तो पाय चोळतो, ते त्याचं. मी चहा देत नाही, ते माझं.'

बद्री ऐकत होता. त्याचा अंगठा थांबला नाही.

तेराव्यानंतर बद्री आला आणि सवयीने त्याच पाटावर बसला, रिकाम्या खाटेकडे तोंड करून. वहिनींनी तिसरा कप पुढे केला. 'अब तो पी लो, बद्रीजी.'

'भिया ने बंदी उठाई नहीं, भाभी. अब कौन उठाएगा?'

कपातल्या चहावर साय धरली... तो उठून गेला. पाट अजून खाटेच्या पायथ्याशी आहे. फरशी पुसताना वहिनी तो उचलतात आणि पुन्हा तिथेच ठेवतात.