गोदूची सासू चुंबकाले लटकली

आता कुठून सुरू करू तेच समजत नाही, पण तुम्ही चहा घ्या अन् ऐका. माणसाच्या हातून एखादी चूक होते. माझ्या हातून ते झाली, अन् मग ते निस्तरता निस्तरता मी तिच्याहून मोठी करून बसली.

आमच्या रश्मीचं लग्न ठरलं होतं. पोरगा दुर्गचा, घर रेल्वेतलं, माणसं आपलीच, मूळचे भंडाऱ्याकडचे. सगळं मनासारखं. भीती फक्त एका माणसाची, आमच्या विहीणबाईची. बाई वाईट नाही, पण बोलणं असं की समोरच्यानं पदर सावरूनच बसावं. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "आमाले काही नको. फक्त पोरीले वळण पाहिजे." तेव्हापासून मी आमच्याच घरात वळण शोधून राहिली होती.

त्या भेटीत त्यांच्या सासूबाईही होत्या. नव्वदीच्या जवळच्या आजी, डोळ्यानं दिसत नाही. बोलता बोलता म्हणाल्या, तरुणपणी 'गोदूचा वनवास' वाचली होती, आता परत कोण वाचून दाखवते. मराठी घरात ते कादंबरी कोणाले माहीत नाही? जाड ठोकळा, अन् पानापानावर रडणं. मले काय झालं कोणास ठाऊक, छाप पाडायची होती म्हणा, मी पटकन बोलली, "मी वाचून पाठवते ना आजी, रोज थोडं थोडं."

झालं. रोज दुपारी मी एक प्रकरण वाचून फोनमध्ये रेकॉर्ड करायची अन् विहीणबाईले पाठवायची. त्या आजीजवळ फोन ठेवून लावून द्यायच्या. मी पण आवाज चढवून, उतरवून, जिथं गोदू रडते तिथं स्वतः हुंदका देऊन वाचायची.

पण किती रडणार हो माणूस? गोदूची सासू तिले छळते, गोदू विहिरीवर जाऊन रडते, परत येते, सासू परत छळते. माझाच जीव घुसमटून गेला. तर मी काय केलं, माझी लहान बहीण कुंदा गोंदियाले राहते, तिच्यासाठी दुसरीच गोदू सुरू केली.

आमचे हे घरी असले की टीव्हीवर ते उडणारे, भिंती फोडणारे शक्तिमान लोक पाहतात, टोळीच्या टोळी. मी म्हटलं, आमच्या भिलाईची पण एक टोळी पाहिजे. मग आमचा भोंग्या आला, तो ओरडला की कारखान्याचा भोंगा वाजल्यासारखं होते अन् वाड्याच्या भिंती पडतात. धुराडी आली, तिले पकडाले गेलं की धूर होऊन जाते. अन् सगळ्यात जोरदार चुंबकताई, लोखंडाचं काहीही दिसलं की ओढून घेणारी. गोदू विहिरीवर रडाले बसली की हे तिघं हजर.

कुंदा हसून हसून मरायची. मग मी बाकीच्या कादंबऱ्यातही त्यायले सोडलं. किल्ल्याले वेढा पडला, तर चुंबकताई शत्रूच्या सगळ्या तलवारी ओढून घेते अन् राजा म्हणतो, बाई, आधी कावून नाही आली? खेड्यातल्या मास्तराच्या कादंबरीत भोंग्या शाळेची घंटा झाला.

एका दिवशी मात्र मी फारच रंगात आली. गोदूच्या सासूले मी आमच्या विहीणबाईचा आवाज दिला. तोच ठसका, तेच "आमाले काही नको". अन् चुंबकताईनं बांगड्या-पाटल्या ओढून त्या सासूले उचललं अन् नेऊन पाण्याच्या टाकीवर लटकवलं. वर लटकल्या लटकल्या सासू ओरडते, "पोरीले वळण पाहिजे!" मी पाठवलं अन् कुंदाच्या हसण्याची वाट पाहत बसली.

कुंदाचा काही निरोप येईना. फोन पाहिला तर तोंडचं पाणी पळालं. कुंदाच्या जागी ते विहीणबाईले गेलं होतं.

घाईघाईनं मिटवाले गेली, अन् तिथं दोन पर्याय असतात ना, सगळ्यांकडून मिटवा अन् फक्त आपल्याकडून मिटवा, तर मी दाबला दुसरा. म्हणजे माझ्या फोनमधून ते गेलं, अन् त्यांच्या फोनमध्ये छान राहिलं. त्यायनं ऐकलं का नाही, हे पाहाची पण सोय उरली नाही.

रश्मी क्लासमधून आली. तिले सगळं सांगतलं. "मम्मी, ये क्या कर दिया आपने," एवढंच बोलली अन् खोलीत गेली. ते ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आमचे हे ड्यूटीवरून आले. म्हणाले, तू फोन लाव अन् साधं बोल, अंदाज येईल. मी लावला. विहीणबाई नेहमीसारख्याच, ना गोड ना कडू. मी विचारलं, आजचं प्रकरण आजीनं ऐकलं का? म्हणाल्या, "हाव, लावलं होतं. अन् ऐका, आम्ही रविवारी येऊन राहिलो. जरा बोलायचं आहे."

जरा बोलायचं आहे. हे तीन शब्द पोरीच्या मायले विहीणबाईनं कधी म्हणू नये.

रविवारपर्यंत मी जेवली काय, झोपली काय, मलेच माहीत नाही. भाजीत दोनदा मीठ, चहात जिरं. आमचे हे बाहेर शांत, पण मी ऐकलं, गॅलरीत उभे राहून हॉलवाल्याले विचारत होते की बुकिंग रद्द झालं तर काय करता येते. रश्मी माझ्याशी बोलत नव्हती. पोराले फोन करून विचार म्हटलं तर म्हणे, मी काय विचारू, तुमच्या आईले लटकवलेलं ऐकलं का?

रविवारी तिघं आले. विहीणबाई, त्यांचे मालक अन् आजी. मालक म्हणजे आमचे व्याही कमी बोलणारे, गार्डाची नोकरी करून रिटायर झालेले. पाणी झालं, पोहे झाले. विहीणबाईनं पिशवी मांडीवर घेतली, घसा साफ केला अन् म्हणाल्या, "ते तुम्ही रोज पाठवता ना, त्याच्याबद्दल बोलायचं होतं."

माझा बांध फुटला. मी त्यांचे हातच धरले. म्हटलं, माफ करा, ते बहिणीसाठी होतं, चुकून आलं. तुमचा आवाज काढला तो फक्त गमतीनं, अन् लटकवलं ते गोदूच्या सासूले, तुमाले नाही. त्यायले नीट समजावं म्हणून मी सगळंच सांगतलं. भोंग्या, धुराडी, चुंबकताई, टाकी. बोलण्याच्या भरात तो आवाज पण काढून दाखवला. आमचे हे मले चिमटा काढून राहिले होते, पण मी थांबते कुठं.



विहीणबाई हळूच म्हणाल्या, "मी कुठं काय ऐकलं? मी आजीजवळ फोन लावून देते अन् भांडे घासाले जाते. आजी पाच मिनिटात झोपतात. आधी दुपारभर तळमळत राहायच्या, तुमचा आवाज सुरू झाला की घोरतात. त्याच्यासाठीच तुमाले साडी आणली." अन् त्यायनं पिशवीतून साडी काढली. मोरपंखी, काठाची.

रश्मीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

विहीणबाईनं साडी बाजूले ठेवली अन् पर्समधून फोन काढला. माझं प्रकरण त्यांच्याजवळ होतंच. त्यायनं आवाज मोठा केला अन् लावलं. मग आम्ही सगळ्यांनी, पोह्याच्या रिकाम्या प्लेटा समोर ठेवून, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. असं वाटलं, आपल्यालेच कोणी टाकीवर लटकवलं असतं तर बरं झालं असतं.

संपलं तेव्हा त्यायनं विचारलं, "माझा आवाज असा आहे?"

ते व्याही, ज्यायनं आल्यापासून फक्त "पाणी" एवढंच म्हटलं होतं, ते म्हणाले, "असाच आहे." मग त्यायले हसू आलं. ते रुमाल तोंडावर धरून, खांदे हलवत हसत राहिले. आजी पण जाग्या होत्या. "आज कुठं गोष्ट पुढं सरकली," म्हणाल्या.

विहीणबाईचा चेहरा लाल झाला होता. मी डोळे मिटून घेतले. त्या म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे. पण बांगड्या-पाटल्या सोन्याच्या असतात. सोनं चुंबकाले चिकटते का? आमच्या घरच्या बाया अंगावर लोखंड घालतात, असं लोकायले वाटेल ना."

मी हात जोडून कबूल केलं की माझी चूक झाली, सोनंच होतं. साडी मले भेटली. लग्न कायम राहिलं, अन् आमच्या ह्यांनी त्या हॉलवाल्याले परत फोन लावला.

सोमवारी विहीणबाईचा फोन आला. आजी काल दुपारपासून डोळ्याले डोळा लावायले तयार नाहीत, सासू टाकीवरून उतरली का म्हणून सारखं विचारून राहिल्या. "तुम्ही आपलं ते खरं, रडकंच पाठवत जा," त्या म्हणाल्या. "अन् वाचा तसंच, तुम्ही मन लावून वाचता तसं. त्यानंच झोप लागते."

म्हणून मी आता रोज दुपारी मन लावून वाचते. शाळेत मले वाचनाचा पहिला नंबर भेटला होता, हे मी विहीणबाईले अजून सांगतलं नाही.