तळ्यात सोडलेले पाय
लिहिण्याची मला सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, तेव्हा चुकलं तर माफ करा. काल कॉलेजात नव्या भिंतीवर पाणी मारत होते आणि ओल्या सिमेंटच्या त्या वासाने मला पुनावळ्याचा बंगला आठवला. बारावीच्या सुट्टीत मी आईबरोबर तिथे मजुरीला जायचो. साहेबांना बंगल्यामागे पोहायचं तळं हवं होतं, औषध न टाकता कमळांनीच स्वच्छ राहणारं. "बेडूकसुद्धा राहतील यात, राव!" असं ते आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचे. टँकरने तळं भरलं त्या संध्याकाळी आई काठावर बसली आणि सिमेंटने फुटलेले पाय तिने पाण्यात सोडले. साहेब गच्चीवरून ओरडले, "ए बाई, पाय काढ! मुलं पोहणार आहेत त्यात!" आई दचकून उठली, "चुकलं साहेब," म्हणाली. मी हातातलं घमेलं आपटलं, तर तिने मलाच डोळ्यांनी दटावलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मोटर लावून सगळं पाणी रस्त्यावर सोडलं. काळेवाडीत आमच्या खोलीत तेव्हा दिवसाआड नळ यायचा. बेडूक चालतात आणि माझ्या आईचे पाय चालत नाहीत? तो राग अजून उतरलेला नाही. आज आईचा फोन आला. डास फार झाले म्हणून साहेब तळं बुजवतायत आणि मुकादमाने तिलाच बोलावलंय. मी चिडून म्हणालो, "तू जायचं नाहीस." ती हसली, "जाते की! साहेबाला इचारते, पाय धुऊन येऊ का तशीच?"