चंदन लावलेलं पिस्तूल

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आमच्या शाळेतल्या पीटी सरांचे. तमिळनाडूतल्या आमच्या ओरत्तनाडू गावात त्यांनी मला आधी नेम धरायला शिकवलं, मग स्वतः बसने तंजावरच्या कॉलेजात नेऊन सोडलं. आमच्या घरात त्याआधी कोणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं.

सर आता निवृत्त आहेत, पण नेमबाजीच्या मैदानावर त्यांचं जुनं टार्गेट पिस्तूल अजून चालतं. त्यातला कमजोर भाग म्हणजे फायरिंग पिन, गोळीच्या बुडावर आदळणारी बारीक दांडी. रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढत राहिलं तर ती तुटते. म्हणून नुसत्या सरावाला सर आत झाडलेल्या गोळीची पुंगळी घालायला लावत.

यंदा आयुधपूजेला सरांनी पिस्तुलाला ओलं चंदन फासलं. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, पहिला बार त्यांचा. गोळ्यांचं मॅगझिन त्यांच्या हातात होतं, पिस्तूल माझ्या. त्यांच्याच शिस्तीप्रमाणे मी बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा मागचा भाग, ओढून आत पाहिलं. पिनचं टोक बाहेर आलेलं. काडीने दाबलं, आत जाईना.

गोळी भरून बोल्ट पुढे सरकला असता, तर चापाला बोट न लावताच बार उडाला असता.

"सर, नको."

"काय रे इंजिनियर, पूजेतल्या पिस्तुलाला भितोस? आण इकडे."

मी दिलं नाही. सरांना नाही म्हणायची माझी ती पहिलीच वेळ.

"चंदन आत जाऊन वाळलंय, सर. पिन अडकलीय."

"देवाचं चंदन आहे ते!"

मागे सुंडलचा, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीचा, डबा घेऊन बसलेल्या मामी, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या, "भिंत लिंपल्यासारखं थापलं तर देव तरी काय करेल?"

सरांनी चष्मा पुसून आत पाहिलं आणि मॅगझिन टेबलावर ठेवलं. पिन काढली, तर तिला केसासारखी चीर गेलेली.

नोकरीच्या गावी परतलो तरी भीती जाईना. फोनवर सर सगळ्याला हो म्हणत. शेवटी पत्र लिहिलं, तमिळमध्ये. सर तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातले, घरात मराठी बोलतात, पण देवनागरी वाचत नाहीत.

"सर, नमस्कार. नवी पिन बसवून जाणकाराने तपासेपर्यंत एकही गोळी भरू नका. जुनी घासूनपुसून परत घालू नका. पुढच्या पूजेला चंदन पेटीला लावा, देव रागावणार नाही. तुमच्या हाताला धरून मी पहिला नेम धरला. तो हात मला धडधाकट हवा आहे. नवी पिन बसली की मामींना फोन करायला सांगा. या बाबतीत तुमच्या 'हो'वर माझा विश्वास नाही."