पंधरा गुणांनी जड फौज

वारज्याच्या एका हॉलमध्ये आमची टेबलावर मांडलेल्या चिमुकल्या सैनिकांच्या लढायांची स्पर्धा होती. पंचांनी खिलाडूवृत्तीवर अर्धा तास भाषण केले. खरी युद्धे याहून लवकर पेटतात.

मी जिंकत होतो, आणि तेवढ्यात आठवले. या खेळात प्रत्येक सैनिकाचे, तोफेचे गुण ठरलेले असतात आणि फौजेच्या एकूण गुणांना मर्यादा असते. तोफवाल्या फौजा डोईजड होतात म्हणून नव्या नियमांत तोफेचे गुण वाढवले होते. माझ्या फौजेची यादी जुन्याच हिशेबाची होती. म्हणजे फौज मर्यादेपेक्षा पंधरा गुणांनी जड. पकडलो गेलो तर बाद, वर लबाडीचा शिक्का. समोर खेळणाऱ्या काकांनी तर माझी यादी न वाचताच खिशात ठेवली होती.

"अहो, फासे टाका. जिंकताय तुम्ही, घाम कसला पुसताय?" काका म्हणाले.

मी पंचांकडे बघत हात वर केला. ते येईपर्यंत तोफ उचलून पेटीत ठेवली.