भाऊजींचं पिकलेलं खत

माझ्या ताईच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, जगाला शहाणं करून सोडायची भारी हौस. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत ते तक्रारी घेतात. कुणाची लिफ्ट अडकली की भाऊजी फोनवर मधाळ आवाजात "माणूस निघालाय" म्हणतात, आणि तो माणूस अजून चहा पीत बसलेला असतानाच कॉम्प्युटरवर 'काम झाले' अशी नोंद करून मोकळे होतात. म्हणून त्यांचा विभाग कंपनीत सगळ्यांत तत्पर. एवढ्या वर्षांत त्यांनी हाताने एक स्क्रू पिळलेला नाही, पण तोरा असा, की शहरातल्या सगळ्या लिफ्टा यांनीच खांद्यावर वाहून वर नेल्या.

तर या माणसाने कॉफीचं यंत्र घरी आणलं. कॉफीची पूड भरलेला, टोपणाएवढा एक बंद पॉड आत टाकायचा, बटण दाबायचं, की घोटभर कॉफी गळते. खोक्यावर मोठ्या हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, की वापरलेल्या पॉडचं खत होतं. खाली बारीक अक्षरांत हेही लिहिलं होतं, की ते कारखान्यातल्या तापवलेल्या ढिगात होतं, घरच्या पिंपात नाही. पण बारीक अक्षरं वाचणं भाऊजींच्या शानीला शोभत नाही.

त्यांनी बाल्कनीत एक निळं पिंप आणून ठेवलं. बाल्कनी ताईची होती. दोन्ही मुलं मोठी होऊन बाहेर पडल्यावर तिने तिथे फुलझाडांची रोपं करायला सुरुवात केली होती. हात इतका चांगला की शेजारपाजारचे मागून न्यायचे. त्या वर्षी हॉस्पिटलच्या बागेचा मुख्य माळी तिची रोपं बघून गेला आणि म्हणाला, "यंदा झेंडू आणि झिनिया तुमच्याकडून घेतो. चांगली आली तर पुढे दर हंगामाचं काम तुमचं." ताई हे मला फोनवर सांगताना रडली होती. लग्नानंतर तिला कुणीतरी पहिल्यांदाच कामाचं माणूस समजलं होतं.

भाऊजींनी मात्र टेंभा मिरवला तो पिंपाचा. इमारतीतल्या लोकांना बाल्कनीत बोलवायचं, झाकण उघडायचं आणि पृथ्वीवर प्रवचन द्यायचं. पॉड आत होते तसेच्या तसे. भाजीचे देठ कुजले, सालं कुजली, हे महाराज मात्र टणक. ताई म्हणायची, "पॉड दिसतायत तोवर खत कच्चं, आणि कच्च्या खताने मुळं करपतात. दिसेनासे झाले की पिकलं म्हणायचं." एकदा तर खालच्या मजल्यावरच्या काकू बोलून गेल्याच, "अहो, हे तर आत टाकताना होते तस्सेच आहेत की!" भाऊजींचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला.

पुढच्याच आठवड्यात पॉड दिसेनासे झाले. पिंपात नुसता काळाभोर भुगा आणि कॉफीचा घमघमाट. भाऊजींनी काकूंना मुद्दाम बोलावून दाखवलं. काकूंनी वाहवा केली. हरभऱ्याच्या झाडावर आधीच चढून बसलेला माणूस शेंड्याला पोचला. सगळ्यांसमोर ताईला म्हणाले, "आता बाहेरचं खत कशाला आणतेस? घरचं आहे की!"

ताईने ते खत मातीत कालवलं तेव्हा मी तिथेच होते. ती खुशीत होती. नवऱ्याच्या हातून घरात काहीतरी उपयोगाचं झालं, याचंच तिला अप्रूप. भाऊजी दारात उभे होते. दोनदा त्यांनी तोंड उघडलं. शेवटी म्हणाले काय, तर "जरा कमी घातलंस तरी चालेल." ती हसून म्हणाली, "तुमचंच आहे, घालते की भरपूर!" मग ते आत गेले आणि टीव्ही लावून बसले.

रोपं आधी पिवळी पडली, मग माना टाकल्या. उपटून पाहिली तर मुळं करपलेली. माळी आला, ट्रे पाहिले आणि निघून गेला. संध्याकाळी त्याचा निरोप आला, की यंदा दुसरीकडून घेतो. मी धावत ताईकडे गेले. ती रिकामे ट्रे घासत बसली होती. "मलाच झेपलं नाही," एवढंच म्हणत होती. तेवढ्यात भाऊजी ऑफिसातून आले, खांद्यावरची पिशवी ओट्यावर टेकवली आणि म्हणाले, "बियाणंच खराब असणार. तू मनाला लावून घेऊ नकोस." असा राग आला मला! ताईचं काम कमी व्हावं म्हणून मी त्यांच्या पिशवीतला जेवणाचा डबा धुवायला काढला. डबा जड लागला. उघडला तर वरच्या कप्प्यात मातीने माखलेले पॉड, एकावर एक दाबून भरलेले. एकेक चिरून, आतली ओली कॉफी पिंपात झाडून, टरफलं हा माणूस रोज ऑफिसच्या कचऱ्यात नेऊन टाकत होता. त्या दिवशी टाकायला विसरला, एवढंच.

मी डबा ताईसमोर ठेवला. तिने एक पॉड उचलला, अंगठ्याने माती पुसली.

"मी खत कालवत होते तेव्हा तुम्ही दारातच होता ना?"

"सांगणारच होतो गं. तू इतकी खूश होतीस..."

"रोपं पिवळी पडली तेव्हा तर नव्हते खूश."

भाऊजींनी खाली पाहिलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस चुकलो म्हणेल. पण छे! हळूच म्हणाले, "इमारतीत कुणाला बोलणार नाहीस ना? काकू वगैरे..."

ताई उठली. हात पुसले, डब्याला झाकण लावलं, चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"हॉस्पिटलात. माळी सातपर्यंत असतो. रोपं का मेली ते सांगते, आणि एक हंगाम परत मागते."

"अगं, मग डबा कशाला? निदान धुऊन तरी ने!"

"राहू दे," ताई म्हणाली. "धुतला तर त्याला दाखवू काय?"